माणसं काढून देता का

हत्ती मी जन्मात पाहिलेला नाही. आमच्या या उत्तरेच्या बर्फातल्या बेटावर साधं झाड नाही, हत्ती कुठून येणार? तरी गेली काही वर्षं हा हत्ती माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलाय, आणि तो उठायचं नाव घेत नाही.

झालं असं की खाली दक्षिणेकडच्या, मुख्य भूमीवरच्या राज्यांतल्या लोकांना एकाएकी हत्तींचा कळवळा आला. येऊ दे की. दातांसाठी हत्ती मारतात आणि बाकीचं धूड तिथंच सडत टाकतात, हे आम्हीही टीव्हीवर पाहिलं. माझ्या तोंडून शिवी गेली. मांस सडत टाकणाऱ्याला आमच्यात कुणी नावेत बसवत नाही. पण त्या कळवळ्याच्या भरात काही राज्यांनी असे कायदे केले की हत्तीचा दात आणि समुद्रात राहणाऱ्या आमच्या वालरसचा सुळा, दोन्ही एकाच पोत्यात. दोन्हीला ते लोक आयव्हरीच म्हणतात. आणि जिथं असा कायदा नाही तिथंही आयव्हरी म्हटलं की लोक हात मागे घेतात, चुलीवरच्या तव्याला लागल्यासारखा.

आमचं काय आहे ते एकदाच सांगते, कारण तेच तेच सांगायचा मला कंटाळा आलाय. वसंतात बर्फ फुटायला लागला की त्याच्याबरोबर वालरसांचे कळप जातात. आमचे पुरुष नाव घेऊन जातात, मारतात, आणि आम्ही खातो. मांस, चरबी, काळीज, वल्ह्यांसारखे ते पायसुद्धा. मादीचं कातडं नावेला. राहतात ते दोन सुळे. कोरे सुळे परक्याला विकायला बंदी आहे, आणि असावीच. पण आमच्या, म्हणजे इथल्या मूळच्या, माणसाने त्यांवर कोरीव काम केलं, तर ते विकायला सरकारनेच मोकळीक दिली आहे. त्या कामातून पेट्रोल येतं, पेट्रोलवर नाव जाते, नावेतून मांस येतं. एवढंच आहे. मी शाळेत गेले ती जेमतेम अक्षरं गिरवण्यापुरती, मला हे कळतं. कॉलेजं पालथी घातलेल्यांना का कळत नाही, ते त्यांनाच विचारा.

आमच्या कुळाची नाव माझा भाऊ चेस्टर चालवायचा. नावेत पुढे भाला घेऊन उभा राहणारा दिसायला रुबाबदार, पण नाव असते ती मागे सुकाणूवर बसलेल्याची. बर्फ कुठून सरकणार, वारा कधी फिरणार, कधी गपचूप घरी परतायचं, हे तो ठरवतो. चेस्टर गेला, आणि त्याची जागा त्याच्या मुलाने, डेल्मरने घेतली. कोरीव कामाची हत्यारंही त्यानेच घेतली. डेल्मरने कोरलेला सील तुम्ही हातात घेतलात तर तो ओला आहे असं वाटून तुम्ही तळहात पुसाल. माझा भाचा आहे म्हणून सांगत नाही. माझा सख्खा मुलगाही कोरायचा, आणि त्याचे सील बटाट्यासारखे दिसायचे, तेही मी सांगते.

या वसंतात डेल्मरचं मन उडालं. नोम शहरातला एक दुकानदार त्याचं काम घ्यायचा. तो म्हणाला, गिऱ्हाईक बिचकतं, आपण चिठ्ठीवर 'हाड' असं लिहू या. डेल्मर म्हणाला, हाड नाहीये ते. मग खोकं तसंच्या तसं विमानाने परत आलं. त्याच्या बायकोचा भाऊ अँकरेज शहरात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतो, तिथं आणखी एक माणूस हवा होता. डेल्मरने मला येऊन सांगितलं, "आत्या, जुलैत पाहुण्यांचं जहाज येईल. त्या लोकांनीही माझ्या विक्रीच्या टेबलाकडे पाठ फिरवली, तर गुरुवारच्या विमानात मी असेन. हत्यारं कुणाला द्यायची ते तू ठरव."

 बोलून थांबवायला तो काही पोर नाही. पण रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. डेल्मर गेला तर सुकाणूवर बसणारं आमच्यात कुणी नाही. बाकीचे भाचे बंदूक चालवतात, मोटार दुरुस्त करतात, फुशारक्याही चांगल्या मारतात. पण बर्फ वाचता येणं वेगळं. आमची नाव किनाऱ्यावरच्या लाकडी मांडणीवर पालथी पडून राहणार, आणि मी भांडं घेऊन दुसऱ्या कुळांच्या दारात मांस मागत फिरणार. मी आजवर लोकांच्या दारी मांस पाठवलंय. मागायला कधी गेले नाही, आणि हे वय शिकायचं नव्हे.

आमच्यात आत्येमामे भावंडांचा एक रिवाज आहे. त्यांनी एकमेकांना टोचायचं. चारचौघांत, हवं तितकं, आणि ज्याला टोचलं त्याने रागवायचं नाही. रागावला तो हरला. उत्तर द्यायचं ते त्याहून तिखट द्यायचं. थोरामोठ्यांनी सांगून जे पटत नाही ते या टोचण्याने पटतं, म्हणून आमच्या जुन्या माणसांनी हे काम त्यांच्यावर सोपवलंय. माझी मुलगी लॉर्ना ही डेल्मरची आत्येबहीण. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, आणि जीभ तिने माझ्याकडून घेतली आहे.

एका संध्याकाळी डेल्मर माझ्याकडे जेवायला होता. उकडलेलं मांस, बिस्किटं, चहा. त्याचा चेहरा बघून लॉर्ना म्हणाली, "अरे, जगाला सगळीकडे हत्तीच दिसतो, आणि तू खुळ्यासारखा सील कोरत बसतोस. हत्ती कोर की. निदान लोकांना बरं वाटेल, आपण म्हणत होतो ते खरं निघालं म्हणून."

तो जेवला, बोटं पुसली, गेला. मला वाटलं रागावला, म्हणजे हरला. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या शेडमधून मशीनचा आवाज यायला लागला आणि सुळा घासला जातो तेव्हाचा तो करपट वास वाऱ्यावर माझ्या दारापर्यंत आला. वसंतापासून तो वास आला नव्हता. मी दार उघडंच ठेवलं.

दोन-चार दिवसांनी त्याने येऊन एक वस्तू माझ्या टेबलावर ठेवली. सुळ्यात कोरलेली कातड्याची नाव, माझ्या हाताच्या वितीएवढी. कातडं ताणून बांधल्याच्या दोऱ्यासुद्धा दिसत होत्या. आत वल्ही धरलेली माणसं, पुढे भाला उगारलेला एक. खाली सुळ्याच्याच तुकड्याचं पाणी, आणि नावेच्या पुढ्यात जिथं वालरसचं डोकं वर यायचं, तिथं पाण्यातून वर आलेला हत्ती. सोंड वर केलेली, कान पसरलेले, आणि चेहऱ्यावर आपण इथं कसे आलो असा भाव. भालेवाल्याचं तोंड उघडं पडलेलं.

लॉर्ना इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. उत्तर जबरदस्त होतं, तिने कबूल केलं. मग डोळे पुसत ती जवळून पाहायला लागली आणि थांबली.

"सुकाणूवर कोणी नाही रे," ती म्हणाली. "कप्तान कुठे गेला? हत्तीने गिळला?"

मीही पाहिलं. मागची जागा नीट कोरलेली होती, घासून गुळगुळीत केलेली होती, आणि रिकामी होती. डेल्मर खिडकीबाहेर बघत राहिला.  मी चहा ओतला, दुसरं काय करणार?

जहाज आलं त्या दिवशी धुकं लवकर उठलं. रबरी होड्यांतून माणसं उतरली, सगळ्यांची जाकिटं एकाच नारिंगी रंगाची, हरवू नयेत म्हणून. किनाऱ्यावरच्या गोट्यांतून चालताना असे पाय टाकत होते जणू पृथ्वी त्यांना विचारून बनवायला हवी होती. त्यांत एक बाई होत्या. गळ्यात चांदीचा हत्ती, कानांत हत्ती, जाकिटावर हत्तीचा बिल्ला. त्यांनी किनाऱ्यावरच मला गाठलं आणि माझा हात हातात घेऊन समजावलं. सुळ्याचा एक तुकडा कुठंही विकला गेला की मागणी वाढते आणि दूर कुठेतरी एक हत्ती मरतो. मी म्हटलं, बाई, हा वालरस आहे. आम्ही तो खाल्लाय. आणि मग माझं ठरलेलं सगळं भाषण केलं. त्या म्हणाल्या, ते खरं हो, पण लोकांना फरक कळत नाही. मी विचारलं, कुठल्या लोकांना? तर म्हणे, लोकांना. म्हणजे ज्यांना फरक कळतो त्या बाई फरक न कळणाऱ्यांच्या वतीने फरक करणार नव्हत्या. मग माझा हात थोपटून म्हणाल्या, "तुमचा दोष नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल."

नसेल. आमच्या बेटावर कोण येऊन सांगणार?

शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, प्रत्येक कुळाचं एक. आमच्या पोरांनी ढोल वाजवून नाच केला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग ते टेबलांमधून फिरायला लागले, दोन्ही हात पाठीमागे बांधून. एकाने मला विचारलं, हे प्लास्टिकचं आहे का? मी नाही म्हटलं तर त्याचा चेहरा पडला. प्लास्टिक असतं तर घेतलं असतं. दुसऱ्याने खात्रीने सांगितलं की सुळे आपोआप गळतात आणि पुन्हा येतात, हरणाच्या शिंगांसारखे, म्हणजे काळजीचं कारण नाही. त्याची बायको म्हणाली की छे, सुळे काढतात पण जनावराला इंजेक्शन देऊन. मी म्हटलं, आम्ही आधी हात जोडून विचारतो, मग ते स्वतःच काढून देतात. तिने मान डोलावली. ती आता घरी जाऊन हे सांगणार आहे आणि मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही. एकीला माझ्या सुरकुत्या फार आवडल्या, फोटो काढू का म्हणाली. काढ म्हटलं, माझ्या तोंडाचा फोटो सगळ्या राज्यांत कायदेशीर आहे.

डेल्मरच्या टेबलावर सील होते, पांढरं अस्वल होतं, समुद्रपक्षी होते. लोक यायचे, वाकायचे, 'आहा' करायचे, आणि मग शेजारच्याकडे बघायचे, शेजारचा काय म्हणेल म्हणून. मग हळूच पुढे. त्याने कानातल्यांची एक जोडी विकली, तीही त्या माणसाने रुमालात गुंडाळून खिशात अशी घातली की बायकोने सोडायला लावलेली सिगारेट असावी. डेल्मर भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. त्याचा चेहरा मी पाहिला नाही. पाहिला असता तर मला गुरुवार दिसला असता.

मग हत्तीवाल्या बाई आल्या.

सील पाहून त्यांनी मान हलवली, अस्वल पाहून उसासा टाकला. आणि मग नाव दिसली. हात छातीवर गेला, डोळ्यांत पाणी आलं, मी खोटं सांगत नाही. "अगं बाई," म्हणाल्या, "किती गोड आहे हा." गोड म्हणजे हत्ती. त्यांनी तो चहूबाजूंनी पाहिला, सोंडेला बोट लावलं. जे बोट सकाळपासून कशालाही लागलं नव्हतं ते. सुळ्याचा आहे हे त्यांना माहीत होतं, आणि आता ते आड येत नव्हतं. हत्तीच्या रूपात असेल तर चालतं, असा काहीतरी त्यांचा कायदा असावा.

मग त्या डेल्मरला म्हणाल्या, "मला हा हवाय. पण ही नाव... भाले वगैरे बघवत नाहीत हो. माणसं काढून देता का?"

डेल्मरला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. बाईंनी पुन्हा समजावलं, सावकाश, मोठ्याने, बहिऱ्याशी बोलतात तसं. हत्ती ठेवा. पाणीही राहू दे, छान आहे. फक्त माणसं काढा.

 माझ्या जिभेवर जे आलं होतं ते मी गिळलं. ते उत्तर माझं नव्हतं. काम त्याने कोरलं होतं.

डेल्मरने नाव उचलून हातात घेतली. तिच्याकडे असं पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणी केलेली होती. मग म्हणाला, "माणसं नावेत बसलेली आहेत, बाई. ती उतरणार नाहीत."

लॉर्ना मागे चहाचं भांडं घेऊन उभी होती. आमच्या भाषेत, आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "मग सुकाणूवर कोण आहे, डेल्मर? की ही उतरत नाहीत ती फक्त बुडायला?"

हॉलमधल्या आमच्या सगळ्यांना कळलं, कुठल्या नावेबद्दल चाललंय ते. पाहुण्यांना वाटलं गाणंबिणं असेल. डेल्मरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. रागवायचं नाही हा रिवाज आहे, आणि उत्तर तर त्याच्याच तोंडून आधी निघून गेलं होतं, 'उतरणार नाहीत' म्हणून, आता मागे घेता येत नव्हतं. त्याने नाव खाली ठेवली. हत्ती खुंटीवर बसवलेला होता, तो त्याने अंगठ्याने दाबून सोडवला आणि बाईंच्या हातावर ठेवला. त्या पाकीट उघडायला लागल्या तर त्याने नको म्हटलं.

"घ्या," म्हणाला. "आमचा नव्हताच तो."

नावेपुढे पाण्यात भोक राहिलं. बाईंना त्याचं काय? त्यांनी हत्ती छातीशी धरला आणि नाचणाऱ्या पोरांना हात हलवत निघाल्या. दुपारभर डेल्मरच्या टेबलावर दुसरं काही गेलं नाही. त्याने सील एकेक करून कापडात गुंडाळले. गुरुवारबद्दल मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

मी किनाऱ्यावर गेले ते पाहुण्यांना निरोप द्यायला नव्हे. माझी चार जाड चाकांची उघडी गाडी तिकडे लावलेली होती. रबरी होड्यांपाशी जहाजाचा वाटाड्या उभा होता, दाढीवाला, सगळ्यांची नावं विचारून एकेकाला होडीत चढवणारा. बाईंच्या मुठीतला हत्ती त्याने पाहिला आणि म्हणाला, मॅडम, हा जहाजावर नाही घेता येणार. हस्तिदंत चालत नाही.

बाई हसल्या. हा वालरस आहे, म्हणाल्या.

तो म्हणाला, वालरस असेल तर हरकत नाही, मॅडम. पण हा हत्ती आहे. मला दिसतोय ना.

आणि मग, देवाशप्पथ, त्या बाईंनी माझं सगळं भाषण म्हणून दाखवलं. वालरस वेगळा, हत्ती वेगळा. ही माणसं तो मारतात ती खाण्यासाठी. इथल्या लोकांनी कोरलेला सुळा विकायला, घ्यायला परवानगी आहे. दातासाठी कुणी मारत नाही. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी इतकी वर्षं सांगतेय, पण इतकं सुरेख मला कधी जमलं नव्हतं. वाटाड्या ऐकत होता, मान हलवत होता, आणि त्याच्या डोळ्यांत मला तेच दिसलं जे सकाळी बाईंच्या डोळ्यांत होतं. बिचारीला कुणी सांगितलंच नसेल.

"लोकांना फरक कळत नाही, मॅडम," तो म्हणाला. "उगाच जहाजावर चर्चा नको."

बाईंना मी दिसले. धावतच आल्या, गोट्यांवर पाय घसरत. "तुम्ही सांगा ना त्याला. तुमचंच ऐकेल तो."

मी म्हटलं, "मी काय सांगणार हो बाई. मी शिकलेली नाही. सकाळी तुम्हीच तर मला सांगत होतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी त्यांना कळलं असावं, कारण तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कळलं ते जहाजापर्यंत टिकलं का, मला ठाऊक नाही. त्यांनी हत्ती माझ्या हातावर ठेवला, त्याला एकदा बोट लावलं, आणि होडीत जाऊन बसल्या. नारिंगी ठिपके पुन्हा उतरलेल्या धुक्यात गेले. हत्ती मी कोटाच्या खिशात टाकला आणि घरी आले.

डेल्मर आणि लॉर्ना माझ्या टेबलाशी बसले होते. मी हत्ती त्यांच्या मध्ये ठेवला आणि किनाऱ्यावर काय झालं ते सांगितलं, दोन्ही आवाज काढून. "पण हा हत्ती आहे, मॅडम" इथपर्यंत आले तेव्हा डेल्मरच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. खूप दिवसांचं साठलेलं हसू होतं ते, चेस्टर असाच हसायचा, आवाज न करता. मग त्याने हत्ती उचलून खिशात घातला आणि शेडकडे गेला.

गुरुवारी विमान आलं. त्यातून सोड्याच्या बाटल्यांची खोकी उतरली, शाळेच्या गणिताच्या मास्तरीणबाई उतरल्या. चढलं ते दुसऱ्याच कुळाचं एक माणूस, दातांच्या डॉक्टरकडे जायला. मी खिडकीतून पाहत होते, आणि पाहत नव्हते असं दाखवायला भांडी घासत होते. त्याच संध्याकाळी डेल्मर नाव घेऊन आला.

त्याने हत्तीची सोंड कापली होती. कान घासून आणले होते, सुळे काढून टाकले होते, आणि राहिलेल्या तुकड्यातून माणूस कोरला होता, अंगरख्याची टोपी मागे टाकलेला, डोळे बारीक करून लांबचा बर्फ बघणारा. तो सुकाणूवर बसला होता, खुंटी ठोकून. पुढ्यातलं भोक तसंच होतं.

लॉर्नाने नाव उजेडात धरली.  "कान अजून मोठेच आहेत," ती म्हणाली.

"ऐकायला लागतं ना तुझं," तो म्हणाला.

मी विचारलं, या भोकाचं काय? तर म्हणाला, वालरस वसंतात येतो आत्या, त्याआधी कुठून आणू? बरोबर आहे. पेट्रोल कुठून आणणार ते मात्र मी विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका. खालच्या लोकांना फरक कळेल तेव्हा कळेल. माझ्या घरात आता हत्ती नाही. होता तो कापून कामाला लावलाय.